क्रयशक्ती समतेने देशाचे उत्पादन कसे मोजावे

भारताचे २०१७ सालचे स्थूल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, सुमारे १६६ लाख कोटी रुपये होते. त्या वर्षीच्या सरासरी विनिमय दराने, म्हणजे एका डॉलरला ६५.१२ रुपये या हिशेबाने, त्याचे सुमारे २,५५३ अब्ज डॉलर होतात. देशोदेशीचे भाव गोळा करून तुलना करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०१७ च्या फेरीत मात्र त्याच उत्पादनाचे मोल ८,०५१ अब्ज डॉलर धरले गेले आणि चीन व अमेरिकेपाठोपाठ भारताला जगात तिसरे स्थान मिळाले. देश तोच, वर्ष तेच, तरी उत्तरांत तिपटीहून अधिक अंतर पडले, कारण दुसऱ्या हिशेबात डॉलरमागे ६५.१२ ऐवजी २०.६५ रुपये धरले होते. हा २०.६५ चा दर कोणत्याही बँकेत मिळत नाही. तो बाजारभाव गोळा करून काढावा लागतो आणि त्यालाच क्रयशक्ती समता, म्हणजे पीपीपी, असे म्हणतात.

कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही आकडे पाठ असतात, परंतु दुसरा आकडा कसा तयार होतो हे फारच थोड्यांनी स्वतः करून पाहिलेले असते. त्यामुळे एका बाजूला तो देशाचा मोठेपणा सांगण्यासाठी वापरला जातो, तर दुसऱ्या बाजूला तो फुगवलेला म्हणून नाकारला जातो. दोन्ही पक्ष त्याच्यावर अन्याय करतात. तो किमतींच्या मोजमापातून आलेला आकडा आहे आणि त्याची विश्वासार्हता त्या मोजमापाच्या काटेकोरपणावरच ठरते. म्हणून हे मोजमाप गणकयंत्र आणि साधी स्प्रेडशीट घेऊन प्रत्यक्ष कसे करावे, ते पुढे पायरीपायरीने मांडले आहे.

आधी प्रश्न निश्चित करा

देशात वर्षभरात वस्तू आणि सेवा किती प्रमाणात तयार झाल्या, हा प्रश्न असेल तर क्रयशक्ती समता वापरावी. देशाला परकीय कर्ज किती फेडता येईल, कच्चे तेल किती विकत घेता येईल किंवा परदेशातून यंत्रे किती आणता येतील, हा प्रश्न असेल तर बाजारातील विनिमय दरच वापरावा, कारण तेलाचा विक्रेता आपल्याकडच्या स्वस्त दाढीकटिंगचा हिशेब धरत नाही. मोठ्या संस्थाही हा भेद पाळतात. जागतिक बँक देशांचे कमी, मध्यम आणि उच्च उत्पन्न असे गट पाडताना विनिमय दरावर आधारलेली ॲटलस पद्धत वापरते, तर दारिद्र्यरेषा क्रयशक्ती समतेने ठरवते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कोटा सूत्रातील, म्हणजे सदस्य देशांचा वाटा ठरवण्याच्या सूत्रातील, जीडीपीच्या घटकात ६० टक्के भार विनिमय दराने काढलेल्या जीडीपीला आणि ४० टक्के भार क्रयशक्ती समतेने काढलेल्या जीडीपीला दिला जातो.

दोन दरांत अंतर का पडते

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रीत ओतलेले कास्टिंग परदेशी वाहन उद्योगाला विकले जाते. त्याची किंमत जगभरच्या स्पर्धेने ठरते आणि म्हणून ती विनिमय दराच्या आसपासच राहते. त्याच वसाहतीबाहेरच्या केशकर्तनालयात केस कापायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच वेळ शिकागोतही लागतो, परंतु कोल्हापुरातला कारागीर शिकागोच्या गिऱ्हाइकाचे केस कापू शकत नाही, म्हणून त्याचा मोबदला कोल्हापूरच्या मजुरीनुसार ठरतो. निर्यातयोग्य उद्योगांत उत्पादकता जसजशी वाढते तसतशी देशातील सर्वसाधारण मजुरी वाढते आणि सेवा महाग होतात. ज्या देशात हा प्रवास अजून बराच बाकी आहे, तेथे सेवा स्वस्त राहतात. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेले हेच स्पष्टीकरण आजही सर्वांत ग्राह्य मानले जाते. विनिमय दर मुख्यतः पहिल्या प्रकारच्या वस्तू आणि भांडवलाच्या हालचाली यांवर ठरतो, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या सेवांचे खरे प्रमाण त्यात दडून जाते. देश जितका गरीब, तितका हा दडलेला भाग मोठा असतो.

पहिली पायरी: रुपयांतला जीडीपी खर्चाच्या बाजूने मांडा

जीडीपी तीन बाजूंनी मोजता येतो, पण येथे खर्चाची बाजूच उपयोगी पडते, कारण किंमत ही खरेदी होणाऱ्या वस्तूला असते. कुटुंबांचा अंतिम उपभोग, शासनाचा अंतिम उपभोग, स्थूल भांडवलनिर्मिती (यंत्रे, बांधकामे यांसारखी गुंतवणूक) आणि निर्यात वजा आयात, असे चार मोठे भाग घ्यावेत आणि ते शक्य तितके बारीक फोडावेत. आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात हे विभाजन १५५ मूळ शीर्षांपर्यंत, म्हणजे खर्चाच्या सर्वांत बारीक गटांपर्यंत, जाते आणि त्यांतील ११० शीर्षे एकट्या कुटुंबांच्या उपभोगाची असतात.

यात फक्त अंतिम वस्तू मोजल्या जातात, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या हातून वारंवार निसटते. शाहू मार्केट यार्डातून घरच्या वापरासाठी घेतलेला गूळ कुटुंबाच्या उपभोगात येतो, मिठाईवाल्याने घेतलेला गूळ येत नाही, कारण त्याची किंमत मिठाईच्या किमतीत धरली जाते. वर सांगितलेले कास्टिंगही देशात विकले गेले तर पंपाच्या किंवा ट्रॅक्टरच्या किमतीतून हिशेबात येते. उलट शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेला भात आणि घरी वापरलेले दूध, विक्री झाली नसली तरी, जीडीपीत धरावे लागते. ही पायरी कच्ची राहिली तर पुढची कोणतीही गणिती पद्धत ती भरून काढू शकत नाही. असंघटित क्षेत्राचा अंदाज चुकलेला असेल, तर क्रयशक्ती समता ती चूक डॉलरमध्ये तेवढ्याच प्रमाणात पुढे नेते.

दुसरी पायरी: वस्तूंचे काटेकोर वर्णन आणि भाव

साऱ्या पद्धतीचा जीव या पायरीत आहे. ‘दूध, एक लिटर’ एवढे लिहून चालत नाही. म्हशीचे की गाईचे, स्निग्धांश किती, पिशवीतले की सुटे, निर्जंतुक केलेले की कच्चे, हे सर्व लिहावे लागते. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारे म्हशीचे दूध आणि अमेरिकेतील सुपरमार्केटमधील प्लॅस्टिकच्या कॅनमधले गाईचे दूध या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांच्या किमतींचे गुणोत्तर, म्हणजे येथला रुपयांतला भाव भागिले तेथला डॉलरमधला भाव, काढले, तर त्यात भावातील फरक आणि प्रतीतील फरक एकत्र मिसळतात. म्हणून येथल्या पिशवीबंद गाईच्या दुधाचा भाव घ्यावा, त्याचा स्निग्धांश जुळवावा आणि मगच गुणोत्तर काढावे.

येथे दोन अटी एकमेकींना विरोध करतात. वस्तू तुलना करण्याजोगी हवी आणि ती दोन्ही ठिकाणी नित्याच्या वापरातली हवी. कोल्हापुरी चप्पल येथे नित्याची आहे, पण वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याची हातशिलाईची तशी वस्तू अमेरिकेत मिळाली तरी ती चैनीची ठरते. याउलट ऑलिव्ह तेलाची बाटली दोन्हीकडे तंतोतंत सारखी मिळते, पण कोल्हापूरच्या सामान्य स्वयंपाकघरात तिला स्थान नाही आणि लक्ष्मीपुरीत तिची किंमत चढी असते. अशा सारख्या पण अनोळखी वस्तूंनीच यादी भरली तर गरीब देश आहे त्यापेक्षा महाग दिसतो आणि त्याचे उत्पादन आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे ती त्या देशात ‘महत्त्वाची’ आहे की नाही याची खूण करावी आणि महत्त्वाच्या वस्तूला अधिक भार द्यावा. आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात हे प्रमाण तीनास एक असे ठेवले जाते. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत यादी लांबवण्यापेक्षा ही खूण प्रामाणिकपणे करणे अधिक मोलाचे आहे.

भाव एकाच दुकानातला, एकाच दिवसाचा घेऊ नये. कपिलतीर्थ मंडईतील सकाळचा आणि संध्याकाळचा भाजीचा भाव वेगळा असतो, श्रावणातला आणि उन्हाळ्यातला तर फारच वेगळा असतो. आपल्याला वर्षाची सरासरी हवी. शिवाय ती देशाची सरासरी हवी, म्हणून शहरासोबत गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड यांसारख्या तालुक्यांतील बाजारगावांचे भावही घेतले पाहिजेत, आणि एवढे करूनही हाती येते ते एका जिल्ह्याचेच चित्र. चीन २००५ च्या फेरीत प्रथमच सहभागी झाला तेव्हा तेथील भाव ११ शहरांतून व त्यांच्या परिसरातून घेतले होते. शहरी भाव चढे असतात, त्यामुळे त्या फेरीतील चीनच्या आकड्यांवर पुढे बरीच चर्चा झाली.

तिसरी पायरी: एका शीर्षातील गुणोत्तरांची सरासरी

एका मूळ शीर्षाच्या आत प्रत्येक वस्तूवर किती खर्च झाला याची माहिती बहुधा नसते. म्हणून तेथे गुणोत्तरांचा भूमितीय मध्य घेतात. समजा, भाजीच्या शीर्षात बटाट्याचे गुणोत्तर एका डॉलरला ४० रुपये, कांद्याचे ३० रुपये आणि टोमॅटोचे २२.५० रुपये आले. हे आकडे केवळ रीत समजावण्यासाठी मानलेले आहेत. तिन्हींचा गुणाकार २७,००० येतो आणि त्याचे घनमूळ ३० येते. म्हणून भाजीची क्रयशक्ती समता एका डॉलरला ३० रुपये.

साधी सरासरी काढली असती तर ३०.८३ आले असते. ती न घेण्याचे कारण असे की गुणोत्तरे उलटी करून, म्हणजे एका रुपयाला किती डॉलर अशी मांडून, सरासरी काढली तर पहिल्या उत्तराचा नेमका व्यस्त यायला हवा. भूमितीय मध्यात तो येतो, साध्या सरासरीत येत नाही. कोणता देश पाया म्हणून धरला यावर निकाल अवलंबून राहणे ही मोजमापातील मोठी उणीव ठरते.

देश दोनहून अधिक असतील आणि काही वस्तूंचे भाव काही देशांत मिळालेच नसतील, तर प्रत्येक भावाचा लॉगॅरिथम घेऊन तो ‘देशाचा परिणाम’ आणि ‘वस्तूचा परिणाम’ या दोन घटकांत समाश्रयणाने (रिग्रेशनने) विभागतात. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक देशासाठी आणि प्रत्येक वस्तूसाठी शून्य किंवा एक असा स्तंभ केला की ते सहज होते. रिकाम्या जागा त्यात आपोआप हाताळल्या जातात.

चौथी पायरी: शीर्षे एकत्र करताना भार कोणाचा

पुन्हा मानलेलेच आकडे घेऊ. तीन शीर्षे आहेत: खाद्यपदार्थ ३० रुपये, सेवा १० रुपये आणि यंत्रसामग्री ७० रुपये, प्रत्येकी एका डॉलरमागे. अमेरिकेच्या खर्चात त्यांचा वाटा अनुक्रमे १०, ७० आणि २० टक्के, तर भारताच्या खर्चात ४०, ३५ आणि २५ टक्के आहे असे धरू.

अमेरिकेच्या भारांनी काढलेली सरासरी, म्हणजे लास्पेयर्स पद्धतीचे उत्तर, ३ अधिक ७ अधिक १४ मिळून २४ रुपये येते. भारताच्या भारांनी काढताना हरात्मक मध्य घ्यावा लागतो: ०.४० भागिले ३०, ०.३५ भागिले १० आणि ०.२५ भागिले ७० यांची बेरीज ०.०५१९ येते आणि तिचा व्यस्त १९.२७ रुपये. हे पाशे पद्धतीचे उत्तर. देशाचे उत्पादन १०० लाख कोटी रुपये असेल, तर पहिल्या दराने ते ४,१६७ अब्ज डॉलर आणि दुसऱ्या दराने ५,१८९ अब्ज डॉलर होते.

हा फरक योगायोगाने आलेला नाही. लोक स्वस्त वस्तू जास्त घेतात, म्हणून भारतात मुबलक असलेल्या सेवांना अमेरिकेच्या चढ्या किमती लावल्या की भारत मोठा दिसतो, आणि दुसऱ्या उत्तरात नेमके तेच घडते. या परिणामाला अलेक्झांडर गर्शेन्क्रॉन यांचे नाव दिले जाते. दोन्ही उत्तरे एका बाजूला झुकलेली असल्याने त्यांचा भूमितीय मध्य घ्यावा: २४ गुणिले १९.२७ यांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २१.५० रुपये. हा फिशर निर्देशांक. आपल्या उदाहरणात त्याने उत्पादन ४,६५१ अब्ज डॉलर येते.

अनेक देश असतील तर आणखी एक अडचण उभी राहते. भारत आणि अमेरिका यांची थेट तुलना, आणि भारत ते केनिया व केनिया ते अमेरिका अशी फिरून केलेली तुलना, यांची उत्तरे फिशर पद्धतीत जुळत नाहीत. म्हणून सर्व देशांमार्गे जाणाऱ्या तुलनांचा भूमितीय मध्य घेतात. या पद्धतीला गिनी, एल्टेटो, कोवेश आणि शुल्त्स या संख्याशास्त्रज्ञांच्या नावांवरून जीईकेएस म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात हीच वापरली जाते.

पाचवी पायरी: ज्यांना बाजारभाव नाही अशा सेवा

जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षण आणि शासकीय रुग्णालयातील उपचार यांना विक्रीची किंमत नसते. तेथे शिक्षक, परिचारिका, लिपिक अशा ठरावीक पदांच्या वेतनांची तुलना करतात. त्यात एक मोठे गृहीतक शिरते: दोन्ही देशांतील शिक्षक सारखेच काम करून दाखवतो. विकसनशील देशात साधने आणि इमारती कमी असतात, म्हणून हे गृहीतक त्या देशाचे उत्पादन वाढवून दाखवते. आशियातील तुलनेत यावर उत्पादकतेची दुरुस्ती लावली गेली आहे. आपल्या गणितात ती लावली आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

घरांच्या बाबतीत भाड्याची तुलना करतात आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचे मानीव भाडे धरतात. ग्रामीण भागात भाड्याने घर देण्याची चाल फारशी नसते, तेव्हा घरांचे क्षेत्रफळ आणि वीज, पाणी, शौचालय या सोयींची मोजणी हाच आधार उरतो. बांधकामात तयार इमारतींची तुलना अवघड असल्याने सिमेंट, सळई, मजुरी आणि यंत्रांचे भाडे यांचे भाव घेतात. निर्यात वजा आयात या शीर्षाला थेट विनिमय दरच लावतात.

सहावी पायरी: भागाकार आणि दरडोई आकडा

आता रुपयांतील जीडीपीला मिळालेल्या दराने भागावे. येणारे उत्तर ‘आंतरराष्ट्रीय डॉलर’ या एककात असते, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जेवढे मिळते तेवढी खरेदी करणाऱ्या मानीव डॉलरमध्ये. त्यासोबत किंमतपातळीही काढावी: २०.६५ भागिले ६५.१२ म्हणजे सुमारे ३२ टक्के. अमेरिकेत १०० डॉलरला जे मिळे, ते २०१७ मध्ये भारतात सरासरीने ३२ डॉलरइतक्या रुपयांत मिळत होते. लोकसंख्येने भागल्यावर भारताचा दरडोई आकडा सुमारे ६,००० डॉलर येतो, तर त्याच फेरीत जगाची सरासरी १६,००० च्या आसपास होती. तिसऱ्या क्रमांकाची बातमी देताना हा दुसरा आकडा वगळला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण क्रयशक्ती समतेचा जन्मच मुळी लोकांच्या राहणीमानाची तुलना करण्यासाठी झाला.

सातवी पायरी: फेरी नसलेल्या वर्षांचा आकडा

भावांची जागतिक फेरी दरवर्षी होत नाही. अर्विंग क्रेव्हिस, ॲलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांसोबत हे काम सुरू झाले. १९७० च्या पहिल्या तुलनेत दहा देश होते आणि त्यांत भारत होता. अलीकडच्या फेऱ्या २००५, २०११, २०१७ आणि २०२१ या वर्षांच्या आहेत. मधल्या वर्षासाठी जुन्या दराला दोन्ही देशांच्या महागाईच्या गुणोत्तराने गुणतात. समजा, भारताचा जीडीपी डिफ्लेटर, म्हणजे जीडीपीतील सर्व वस्तू-सेवांच्या भावांचा निर्देशांक, ४ टक्के आणि अमेरिकेचा २ टक्के वाढला, तर २०.६५ गुणिले १.०४ भागिले १.०२ म्हणजे २१.०५ रुपये.

ही रीत सोपी आहे, पण दीर्घ काळासाठी धोक्याची आहे. २००५ मध्ये भारताचा मोजलेला दर १४.६७ रुपये होता. पुढच्या सहा वर्षांत भारतातील भाववाढ अमेरिकेपेक्षा कितीतरी वेगवान होती, म्हणजे या रीतीने २०११ चा दर बराच चढा यायला हवा होता, परंतु प्रत्यक्ष मोजणीत तो १५.११ रुपये आला. त्याआधी २००५ च्या फेरीचे निकाल डिसेंबर २००७ मध्ये आले, तेव्हा भारत आणि चीन यांच्या अर्थव्यवस्थांचे आकारमान पूर्वीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटले होते. लोकांच्या ताटातले काहीच बदलले नव्हते, बदलली होती ती मोजणी. शिवाय नव्या फेरीसोबत जुने आकडेही सुधारले जातात: २०११ चा तोच दर २०२० मध्ये १५.५५ करण्यात आला. म्हणून आकड्यासोबत फेरीचे वर्ष आणि आकडा घेतल्याची तारीख या दोन्ही गोष्टी लिहाव्यात, आणि चालू किमतींचे (त्या त्या वर्षीच्या भावांचे) व स्थिर किमतींचे (एका ठरावीक वर्षाच्या भावांचे) आंतरराष्ट्रीय डॉलर एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

दारिद्र्य आणि जिल्हा उत्पन्न यांसाठी वेगळी काळजी

दारिद्र्य मोजताना संपूर्ण जीडीपीचा दर वापरू नये, कारण त्यात यंत्रे, पूल आणि शासकीय खर्चही असतो. तेथे केवळ कुटुंबांच्या उपभोगाचा दर लागतो. जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा २०११ च्या दरांवर दररोज १.९० डॉलर होती, २०१७ च्या दरांवर ती २.१५ डॉलर झाली आणि जून २०२५ मध्ये २०२१ च्या दरांवर ३ डॉलर करण्यात आली. हे डॉलर बाजारातील दराने रुपयांत बदलून ‘रोज अडीचशे रुपये मिळवणाराही गरीब’ असा निष्कर्ष काढणे साफ चुकीचे आहे.

राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून जिल्हा उत्पन्नाचे अंदाज मिळतात आणि कोल्हापूरच्या उत्पन्नाला राष्ट्रीय दराने भागून जिल्ह्याची तुलना एखाद्या देशाशी करण्याचा मोह होतो. तसे करताना मुंबईतील घरभाडे आणि चंदगडमधील घरभाडे एकच धरले जाते. जिल्ह्याची तुलना करायची असेल तर आधी जिल्ह्यातील भाव आणि देशाचे सरासरी भाव यांचे गुणोत्तर वरच्या तिसऱ्या व चौथ्या पायरीने काढावे, त्याने राष्ट्रीय दर दुरुस्त करावा आणि मगच भागाकार करावा. भाड्याचे आणि सेवांचे भाव मिळाले नाहीत तर उत्पन्न रुपयांतच ठेवून राज्यातील इतर जिल्ह्यांशी तुलना करावी.